टेबलाच्या दोन बाजू

जुन्या बेसबॉल कार्डांच्या शोमध्ये मुरलेला संग्राहक कार्ड हातात आलं की आधी ते उलटं करतो. समोर टाय कॉब असो की कधीच विसरला गेलेला एखादा दुय्यम खेळाडू, चेहऱ्याकडे नंतर बघायचं. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत घातलेली कार्डं आज ‘टी २०६’ या नावाने ओळखली जातात. दीड इंचाहून जराशी अरुंद आणि अडीच इंचांहून थोडी उंच अशी ही कार्डं. कंपनीच्या हाताखाली सिगारेटचे आणि तंबाखूचे अनेक ब्रँड होते, त्यामुळे समोरचं चित्र तेच राहिलं तरी मागची जाहिरात बदलायची. ‘पीडमाँट’ आणि ‘स्वीट कॅपोरल’ या जाहिराती ढिगाने सापडतात. ‘ड्रम’ किंवा ‘उझिट’ची जाहिरात असेल तर त्याच खेळाडूच्या त्याच चित्राची किंमत कित्येक पटींनी चढते. टेबलावरच्या अल्बममध्ये अशी शंभर कार्डं एकाच भावाने लावलेली असतात, आणि त्यातलं एखादं मागच्या बाजूमुळे वेगळं असल्याचं विक्रेत्याच्या लक्षात आलेलं नसतं. ते शोधायला माणसं पहाटे उठून दोनशे मैल गाडी हाकत येतात.

या कार्डांना नावं-क्रमांक दिले ते जेफरसन बर्डिक यांनी. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे हे गृहस्थ साध्या नोकरीत होते आणि संधिवाताने गांजलेले होते. १९३९ साली त्यांनी जाहिरातीच्या छापील कार्डांची पहिली पद्धतशीर सूची काढली. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, एकोणिसाव्या शतकातल्यांना ‘एन’, च्युइंगगमच्या कार्डांना ‘आर’ अशी अक्षरं त्यांनीच ठरवली. आपला तीन लाखांहून मोठा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, आणि शेवटची काही वर्षं दुखऱ्या बोटांनी तो अल्बमांत चिकटवण्याचं काम स्वतः केलं. ते काम १९६३ च्या जानेवारीत संपलं. दोन महिन्यांनी ते गेले. शोमध्ये ‘टी २०६ आहे का?’ असं कुणी विचारतो तेव्हा तो बर्डिक यांचीच भाषा बोलत असतो. या छंदात पैसा शिरण्याच्या कितीतरी आधी त्यात चिकाटी होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शो म्हणजे काय, ते थोडक्यात. सर्वांत मोठा मेळा ‘द नॅशनल’ या नावाने ओळखला जातो. तो १९८० साली लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात सुरू झाला. आता तो बहुधा जुलैच्या अखेरीस पाच दिवस भरतो आणि बरेचदा शिकागोच्या ओ’हेअर विमानतळाशेजारच्या रोझमाँटमध्ये असतो. पण या व्यवहाराचा जीव खरा लहान शोंमध्ये आहे: हॉटेलचा हॉल, चर्चचं सभागृह, शाळेचं जिम, तीस-चाळीस टेबलं, दारावर चार-पाच डॉलरचं तिकीट. विक्रेता टेबलाचं भाडं भरतो, काचेच्या पेट्या मांडतो, मागे खुर्ची टाकून बसतो. दारं उघडण्याआधी मांडामांडीच्या तासांत विक्रेते एकमेकांच्या टेबलांवरून फिरून घेतात आणि चांगल्या मालातला बराच हिस्सा तिथेच हलतो. लोकांना हे अन्यायाचं वाटतं. मला वाटत नाही. त्या वेळी टेबलाच्या दोन्ही बाजूंना जाणकार बसलेले असतात आणि कुणी कुणाला फसवत नसतो. काळजीची जागा निराळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

आधी हे पाहायला हवं, की कागदाच्या एवढ्याशा तुकड्याला एवढी किंमत का यावी. आपल्याकडे बिग फन च्युइंगगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची. ज्यांनी ती जमवली त्यांना या कार्डांचं आयुष्य वेगळं समजावून सांगायला नको. कार्डं मुलांच्या हातात पडायची. रबरबँडने बांधलेल्या गठ्ठ्यांमुळे कडांना खाचा पडायच्या, गमाचा आणि वेष्टनाच्या मेणाचा डाग पडायचा, सायकलच्या आऱ्यांत अडकवून कार्डांचा फटफट आवाज काढला जायचा, टाचणीने ती भिंतीवर लागायची. पन्नास-साठच्या दशकांत टॉप्स कंपनी मालिकेतल्या खेळाडूंच्या यादीचं एक कार्डही देत असे, आणि आपल्याकडे कोणकोण आलं त्याच्या खुणा मुलं त्यावर पेन्सिलीने करत. यादी असते त्यासाठीच. त्यामुळे एकही खूण नसलेलं यादीचं कार्ड आज खूण असलेल्यापेक्षा बरंच महाग विकलं जातं. मुलगा कॉलेजला गेला की आई खोली आवरायची आणि बुटांचा खोका कचऱ्यात जायचा. या सगळ्यातून जे धडधाकट वाचलं, त्याला भाव आहे.

१९५२ ची टॉप्स मालिका हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. साय बर्जर नावाच्या तरुण कर्मचाऱ्याने तिची आखणी केली. एकूण ४०७ कार्डं, ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली, आणि शेवटचा टप्पा ३११ क्रमांकापासून सुरू झाला. ३११ वा खेळाडू होता मिकी मँटल. हा टप्पा दुकानांत पोचला तोवर हंगाम उताराला लागला होता आणि मुलांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. न विकलेल्या पेट्या वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिल्या. अखेर १९६० च्या सुमारास त्या बार्जवर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये बुडवल्या, असं खुद्द बर्जर यांनी सांगून ठेवलं आहे. मँटलच्या कार्डाची दंतकथा इथून सुरू होते. पण त्यात एक बारकावा आहे आणि शोमध्ये तो माहीत असलेला बरा. छपाईच्या तक्त्यावर मँटलचं कार्ड दोनदा होतं, म्हणजे त्या टप्प्यातल्या इतर बहुतेक कार्डांपेक्षा ते जास्त छापलं गेलं. ते त्याचं पहिलं कार्डही नव्हे. पहिलं १९५१ मध्ये बोमन कंपनीने काढलं. तरीही सगळ्यांना हवं असतं ते ५२ चंच. नुसत्या दुर्मीळतेने भाव ठरत नाही. किती जणांना मनापासून ते हवं आहे, यावर तो ठरतो. ॲलन रोझन हे त्या काळातले सर्वांत प्रसिद्ध विक्रेते, ‘मिस्टर मिंट’ म्हणून ओळखले जाणारे. त्यांच्याकडून एका संग्राहकाने १९९१ साली न्यूयॉर्कमधल्या एका शोमध्ये मँटलचं एक अतिशय कोरं कार्ड ५० हजार डॉलरला घेतलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेच कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

या आकड्याने अनेकांची डोकी फिरली आणि माळ्यावरचे खोके खाली उतरले. त्यांतल्या बहुतेक खोक्यांत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली आणि नव्वदच्या सुरुवातीची कार्डं निघतात. १९७९ मध्ये संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांची भावपुस्तिका आली, १९८४ पासून त्यांचं मासिक निघू लागलं, आणि कार्ड म्हणजे गुंतवणूक हे घराघरांत पोचलं. कंपन्यांनी बेसुमार छापलं. लोकांनी पेट्याच्या पेट्या न फोडता जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून त्यांना आज जवळजवळ काहीच भाव नाही. वडिलांनी मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून ठेवलेल्या अशा पेट्या घेऊन माणसं टेबलापाशी येतात. चांगला विक्रेता त्यांना दोन मिनिटं देतो, कारण समजावतो. वाईट विक्रेता मान हलवून पुढचं गिऱ्हाईक बघतो.

आता हातातल्या कार्डाकडे. कार्डाची अवस्था चार गोष्टींवरून पाहतात: चित्र चौकटीच्या मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. पण जुन्या कार्डाच्या बाबतीत त्याहून मोठा प्रश्न असतो, तो म्हणजे कुणी त्यावर हात चालवला आहे का. झिजलेले कोपरे कापून टोकदार करणं, पांढऱ्या पडलेल्या कडांना रंग लावणं, सुरकुती दाबून बसवणं, दोन खराब कार्डांतून पुढचा आणि मागचा थर घेऊन एक चांगलं कार्ड जोडणं, हे सगळं केलं जातं. पडद्यावरच्या छायाचित्रात यातलं फार थोडं दिसतं. शोमध्ये जाण्याचं माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण.

विक्रेत्याची परवानगी घेऊन कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढावं. नकार मिळाला तर कार्ड कितीही आवडलं तरी पुढे जावं. कडेला धरून ते दिव्याखाली तिरकं करावं. समोरून न दिसणारी सुरकुती तिरक्या उजेडात उठून दिसते. मग भिंग. जुन्या छपाईत चित्र रंगांच्या ठिपक्यांनी बनलेलं असतं, पण अक्षरं आणि चौकटीची काळी रेघ सलग भरीव असते. पुढे छायाचित्र काढून बनवलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांत फुटतात. कडा पाहताना चारही बाजूंचं जुनेपण सारखं आहे का, ते बघायचं. तीन कडा पिवळट आणि मऊ, चौथी पांढरी आणि धारदार असेल तर ती पात्याने कापलेली असण्याची शक्यता मोठी. मोजमापासाठी पट्टीपेक्षा त्याच मालिकेतलं एखादं स्वस्त, खात्रीचं कार्ड सोबत ठेवणं उत्तम. त्यावर ठेवलं की फरक लगेच कळतो. १९५२ च्या टॉप्सचं पुनर्मुद्रण कंपनीनेच १९८३ मध्ये केलं, पण ते अडीच बाय साडेतीन इंचांच्या आकारात. मूळ कार्ड त्याहून मोठं आहे. एवढी एक गोष्ट ठाऊक असती तर कित्येकांचे पैसे वाचले असते.

शेवटची चाचणी अतिनील किरणांच्या छोट्या टॉर्चची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकणारी रसायनं मिसळू लागले. त्यामुळे १९१० चं म्हणून दाखवलेलं कार्ड या उजेडात निळसर पांढरं झळाळलं, तर कागद तरी नवा आहे किंवा त्यावर नवं काहीतरी चढवलं आहे. मात्र न झळाळणारं कार्ड अस्सलच असतं, असं नाही. नकला करणाऱ्यांना जुना कागद मिळवता येतो.

व्रण दिसला की कार्ड नाकारायचं, असंही नाही. १९३३ मध्ये गाऊडी कंपनीने २४० कार्डांची मालिका काढली आणि त्यात १०६ क्रमांकाचं कार्ड छापलंच नाही. ते सापडेल या आशेने मुलं गम विकत घेत राहिली. कंपनीकडे तक्रारी गेल्या, तेव्हा १९३४ मध्ये नॅप लाजॉय या जुन्या खेळाडूचं १०६ क्रमांकाचं कार्ड छापून ते लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवण्यात आलं. पत्राला ते पेपरक्लिपने जोडलेलं असायचं. म्हणून या कार्डावर अनेकदा क्लिपचा दाब दिसतो. त्याने प्रत खाली येते हे खरं, पण ती खूण म्हणजे एका मुलाने केलेल्या तक्रारीचा पुरावा आहे. कापून टोकदार केलेल्या कोपऱ्यापेक्षा मी ती कधीही पसंत करीन.

कापलेल्या कार्डाची सर्वांत प्रसिद्ध कथा होनस वॅगनरची. पिट्सबर्गच्या या महान शॉर्टस्टॉपने आपलं टी २०६ कार्ड थांबवायला लावलं. मुलांनी त्यापायी तंबाखू घेऊ नये म्हणून, की मोबदल्यावरून, याबद्दल दोन मतं आहेत. ते अगदी थोडं बाहेर आलं. त्यातली सर्वांत देखणी प्रत १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅक्नॉल यांनी लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली. त्याच वर्षी ‘पीएसए’ ही कार्डांची प्रत ठरवणारी कंपनी सुरू झाली आणि तिने प्रमाणित केलेलं पहिलंच कार्ड होतं हे. दहापैकी आठ गुण. या कंपन्या कार्ड तपासतात, एक ते दहा असा अंक देतात आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत ते बंद करतात. शोमध्ये तिला ‘स्लॅब’ म्हणतात आणि न तपासलेलं कार्ड ‘रॉ’. ते वॅगनर कार्ड २००७ मध्ये २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ मध्ये ते पूर्वी ज्यांच्या हातून गेलं होतं त्या बिल मास्ट्रो या लिलावदाराने शिकागोच्या न्यायालयात कबूल केलं, की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या.

स्लॅब निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मी काढत नाही. नवख्याने महागडं जुनं कार्ड घेताना नामांकित कंपनीचा स्लॅबच घ्यावा. पण पेटीवरच्या अंकावर नजर खिळवून आतलं कार्ड न बघणं, ही सवय मला खटकते. ‘चार’ गुणांची दोन कार्डं शेजारी ठेवली तर एकाचं चित्र स्वच्छ, रंग ताजे आणि कोपरे तेवढे गोल झालेले असतात. दुसऱ्याचा चेहरा डागाळलेला असतो. अंक एक, भाव जवळपास एक. डोळे वापरणाऱ्याला पहिलं मिळतं.

मग बोलणी. भावपुस्तिकांचे दिवस गेले; आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि त्यात अलीकडे झालेल्या विक्रीचे आकडे. तोच आधार धरून बोलायचं, पण विक्री त्याच प्रतीच्या कार्डाची असायला हवी. सुरकुतलेल्या कार्डाचा भाव दाखवून कोरं मागणं म्हणजे विक्रेत्याचा अपमान. चिकटवलेल्या किमतीवर ‘यात काही होईल का?’ असं विचारणं रीतीत बसतं. एकाच टेबलावरून चार कार्डं एकत्र घेतली की उतार सहज मिळतो, रोख दिली की आणखी थोडा. काही संकेत लिहिलेले नसले तरी पाळले जातात. दुसऱ्याच्या हातातलं कार्ड तो खाली ठेवत नाही तोवर आपण त्याबद्दल बोलायचं नाही. दोघांचा सौदा चालू असताना मध्ये आकडा टाकायचा नाही. आपण आकडा बोललो आणि समोरच्याने ‘दिलं’ म्हटलं, की पैसे काढायचे. मग पुन्हा विचार करायची सोय नाही.

किमतीची चिठ्ठी नीट लिहावी, हे विक्रेत्यांसाठी. १९९० मध्ये इलिनॉयमधल्या इटास्का गावातल्या एका दुकानात नोलन रायनच्या १९६८ च्या कार्डावर १२०० डॉलरची किंमत अशी लिहिली होती, की तात्पुरत्या मदतनिसाने ती १२ वाचली आणि एका मुलाला ते कार्ड १२ डॉलरला दिलं. प्रकरण कोर्टात गेलं, देशभर गाजलं. अखेर समझोता झाला आणि कार्डाचा लिलाव करून पैसे धर्मादाय कामाला दिले गेले.

आता टेबलाची दुसरी बाजू, म्हणजे आपण विकायला गेलो तर. फोनवरचा शेवटचा विक्रीभाव हजार डॉलर असेल तर विक्रेता हजार देणार नाही. सहाशे ते आठशेच्या दरम्यानचा आकडा ऐकायची तयारी ठेवावी. ज्याला रोज मागणी आहे त्या मँटल किंवा जॅकी रॉबिन्सनला जास्त, ज्याला गिऱ्हाईक वर्षभराने येईल त्याला अर्ध्याहूनही कमी. जुना दागिना मोडायला नेला की सराफ घट धरतो, तसंच हे. टेबलाचं भाडं, प्रवास, हॉटेल, ऑनलाइन विकलं तर शेकडा तेरा-चौदाच्या घरातलं शुल्क, शिवाय पैसे अडकून पडण्याची जोखीम, हे सगळं त्यातून निघायचं असतं. स्वतः विकायचा वेळ आणि चिकाटी असेल तर जास्त मिळेल. नसेल तर ही घट म्हणजे त्या कामाची मजुरी.

माझा जीव अडकतो तो यापुढच्या प्रसंगात. आजोबा गेले, घर रिकामं करताना डबा सापडला, आणि घरची मंडळी तो घेऊन शोला आली. त्यांना यातलं काही कळत नाही. समोरच्याला सगळं कळतं. काही विक्रेते म्हणतात, ‘आकडा त्यांनी सांगायचा, मी फक्त हो म्हणायचं, ज्ञान मी फुकट मिळवलेलं नाही.’ दोन जाणकारांमध्ये हा नियम मला मान्य आहे. अल्बममधलं ‘ड्रम’ची जाहिरात असलेलं कार्ड विक्रेत्यानेच ओळखलं नाही, तर घेणाऱ्याने खुशाल घ्यावं, माल मांडणाऱ्याने आपला माल ओळखायला हवा. पण डबा घेऊन आलेली बाई व्यापारी नाही. ती तुमच्याकडे विचारायला आली आहे आणि तुम्ही उत्तर देणारे आहात. तिथे गप्प राहून चाळीस डॉलरला हजाराचं कार्ड घेणं ही लूट आहे. डब्यात काय आहे ते सांगून, आपली घट उघड करून आकडा देणारे विक्रेतेही मोठ्या संख्येने आहेत. पुढच्या डब्याचा पत्ता बहुधा त्यांनाच मिळतो.

अशा कुटुंबाने काय करावं? काहीही पुसू नये, रबरबँड सोडताना कडा ओढू नयेत, अल्बममध्ये चिकटवलेलं ओढून काढू नये. प्रत्येक कार्डाची पुढून-मागून छायाचित्रं काढून मगच बाहेर पडावं. शोमध्ये एकमेकांपासून लांबच्या तीन टेबलांवर दाखवावं आणि पहिल्या दिवशी विकू नये. ‘वरची दहा मला द्या, बाकीची ठेवा’ असं कुणी म्हणालं, तर ती दहाच मोलाची आहेत हे ओळखावं; उरलेल्याला मग कुणी हात लावणार नाही. फार मोलाचं निघालं तर लिलावगृहाशी बोलावं. तिथे खरेदीदार बोलीवर वीस टक्क्यांच्या आसपास जास्तीची रक्कम भरतो, त्यामुळे विकणाऱ्याचं कमिशन किती, हे वाटाघाटीने ठरवता येतं.

कागदपत्रंही सांभाळावीत. दहा हजार डॉलरहून जास्त रोख स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्याला अमेरिकेत ‘फॉर्म ८३००’ भरून सरकारला कळवावं लागतं. ही नोंद टाळण्यासाठी रक्कम तुकड्यांत द्यायला कुणी सुचवलं तर तिथून निघावं, कारण तसं करणं बेकायदा आहे. वर्षाहून जास्त काळ जवळ असलेलं कार्ड विकून झालेल्या नफ्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, शेअर्सपेक्षा जास्त. वारशाने आलेल्या कार्डाची मूळ किंमत मात्र सर्वसाधारणपणे मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात, आजोबांनी मोजलेल्या पाच सेंटने नव्हे. त्या तारखेच्या सुमारासचे विक्रीभाव छापून फाइलला लावून ठेवले, तर कराचा मोठा भाग वाचतो.